लाल कॉल

तिसरा फोन आला तेव्हा मेकॅनिकचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले होते. मोबाइल त्याने खांदा आणि कान यांच्यात धरला. फोनवर साहेब होते, म्हणजे लिफ्टच्या कंपनीतले सुपरवायझर. बँकेची लिफ्ट झाली की लगेच हॉटेलवर जा, त्यांच्याकडे मोठे पाहुणे यायचेत, आणि जाता जाता दवाखान्याच्या लिफ्टचा आवाजही बघून घे, असं ते म्हणाले. दवाखाना वाटेत नव्हता. मेकॅनिक नेहमीप्रमाणे "बघतो" म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडात इतका बसला होता की सकाळी आईलाही त्याने तोच ऐकवला होता. चार वाजता मावशी निरोप घ्यायला येतेय, असं आई म्हणाली होती. मावशीच्या मुलाची बदली झाली होती आणि उद्या पहाटे तो तिला कायमची घेऊन जाणार होता. दोघी बहिणींच्या गुडघ्यांनी एकाच वर्षी संप पुकारला होता. आईला पाच मजले उतरता येत नव्हते, मावशीला चढता येत नव्हते. लिफ्ट बंद पडल्यापासून आई बाल्कनीत उभी राहायची, मावशी खाली फाटकापाशी, आणि दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते अख्ख्या इमारतीला पाठ व्हायचं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं, तर आई म्हणाली, मला चौघांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही.

गंमत म्हणजे ती लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे होती. दरवाजाच्या कुलपातला एक भाग गेला होता. नवा भाग तीन आठवडे त्याच्या पिशवीत पडून होता. तासाभराचं काम. पण कंपनीत कामं तक्रारीच्या नंबराने निघत, आणि त्याच्या इमारतीतून तक्रारच गेली नव्हती. घरात मेकॅनिक असताना फोन कशाला करायचा, असं प्रत्येकाला वाटत होतं. जिन्यात भेटेल तो त्यालाच सांगायचा, आणि हा बघतो म्हणायचा. सुटीच्या दिवशी करू म्हणावं, तर नेमकी सुटीच्याच दिवशी कुणाची तरी लिफ्ट अडायची, आणि नाही म्हणायला याची जीभ वळायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हल्ली तो इतका दमलेला असायचा की जेवताना घास हातात धरून विसरून जायचा.

अडीच वाजता तक्रारी लिहून घेणाऱ्या ऑफिसातल्या ताईंचा मेसेज आला. लाल. लाल म्हणजे कुणीतरी अडकलंय. लाल कॉल आला की हातातली लिफ्ट बंद करून निघायचं आणि माणूस बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. कंपनीत हा एकच नियम असा होता जो साहेबसुद्धा मोडत नसत. त्याने पत्ता वाचला आणि पुढचं काही वाचलंच नाही. पत्ता त्याच्याच इमारतीचा होता.

मोटरसायकलवर त्याच्या डोक्यात एकच होतं. बंदची पाटी सरकवून कुणीतरी आत शिरलं असणार. आईच शिरली असणार. चारला खाली जायचंच म्हणून तिने हट्टाने बटण दाबलं असणार. पिशवीतला तो भाग प्रत्येक खड्ड्याला खुळखुळत होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. पाटी जागच्या जागी होती. त्याने चावीने दरवाजा उघडला. आत कुणी नव्हतं. मग तो न थांबता पाच मजले चढला. घराचं दार उघडं होतं आणि आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. केस विंचरलेले, चपला पायात, मांडीवर पिशवी.

"कोण अडकलंय?" त्याने धापा टाकत विचारलं.

"मी," आई म्हणाली. "नंबर लावल्याशिवाय तू येत नाहीस. म्हणून लावला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मेसेज पुरता वाचला. अडकलेली माणसं: एक. वय: चौऱ्याहत्तर. किती वेळ: एकसष्ट दिवस. ताईंनी आईने सांगितलं तसंच लिहून घेतलं होतं आणि वर लाल खूण केली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हॉटेलवर अजून का पोचला नाहीस, पाहुणे तासाभरात येतील, हा कसला लाल कॉल, घरचंच तर काम आहे, उद्या बघ, असं साहेब एका दमात म्हणाले. बघतो हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलाही. समोर आई चपला घालून बसली होती.

"माणूस बाहेर आल्याशिवाय मी हलणार नाही, साहेब," तो म्हणाला. "आणि आज त्यानंतरही नाही."

साहेब बोलतच राहिले. त्याने फोन बंद केला आणि आईच्या पिशवीत टाकला.

चारला पाच मिनिटं असताना लिफ्ट पाचव्या मजल्यावर आली. आधी त्याने ती दोनदा रिकामी खालीवर करून पाहिली, मग आईला आत घेतलं. खाली दरवाजा उघडला तेव्हा मावशी समोरच उभी होती. दोन महिने ओरडून बोललेल्या त्या दोघी आता इतकं हळू बोलू लागल्या की इमारतीत कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

तो बाजूच्या पायरीवर बसला. लाल कॉल संपला की कागद भरावा लागतो. त्याने वेळ लिहिली. 'सुटका झालेली माणसं' या रकान्यात एक लिहिलं. थोडा वेळ तो त्या आकड्याकडे बघत बसला. मग त्याने एक खोडून दोन लिहिलं.