खिडकीजवळचा बाक

सकाळी अकरा वाजता प्राध्यापक केळुसकरांना तत्त्वज्ञानाचं नवं अध्यासन मिळालं. अपघातात गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या नावानं तिच्या आईंनी देणगी देऊन ते सुरू केलं होतं. शाल, श्रीफळ, टाळ्या झाल्या.

नंतर आई त्यांच्यासोबत वर्गात आल्या. "सर, आमची शर्वाणी कुठं बसायची हो?"

केळुसकरांना शर्वाणीचा चेहराही आठवत नव्हता. हातात नारळ तसाच होता. त्यांनी खिडकीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"उन्हात? ऊन लागलं की तिचं डोकं दुखायचं." आई थोडं हसल्या. "पण तुमच्या तासाला सोसत असेल. घरी सारखं तुमचंच पुराण चालायचं."

मग त्या तिथं जाऊन बसल्या.

पुढच्या तासाची घंटा झाली. मुलं दारात थांबली आहेत. आई अजून उठलेल्या नाहीत. ऊन त्यांच्या तोंडावर आलंय.