पिक्चरमधला प्रणय

"आला! मम्मी, तो बघ, डावीकडचा!"

संध्यानं टीव्हीच्या काचेवर बोटच टेकवलं. बंद कंपनीच्या शेडमधून झोंबी बाहेर पडत होते, वाकडेतिकडे, लंगडत, आणि त्यांच्यात प्रणय. चौकड्यांचा शर्ट, तोंडभर लाल रंग. मुडद्यासारखं चाल म्हणून सांगितलं असणार, पण खांदे उडवत चालायची सवय काही गेली नव्हती.

"झोंबी म्हंजी काय गं?" शेजारच्या भागूबाईंनी विचारलं.

"मेलेली माणसं, काकू. मरून परत उठ..." संध्या तिथंच थांबली.

टीव्हीच्या वर प्रणयचा फोटो होता. हार नवाकोरा. शूटिंग संपलं आणि महिन्याभरात दौलताबाद रोडला त्याची गाडी ट्रकखाली गेली. लीलाबाईंना लेकाचं तोंड कुणी बघू दिलं नाही. बापानं, कडुबांनी, एकट्यानं बघितलं, ओळख पटवली, आणि कापड परत ओढून घेतलं. आता ते बाहेर पायरीवर बसले होते, टीव्हीकडं पाठ करून. "मला नाय बघायचा," एवढंच सकाळपासून बोलले होते.

हिरोनं सळई हाणली. प्रणय पडला.

"गेलं लेकरू," भागूबाई पुटपुटल्या.

"नाय काकू, थांबा ना! दादानं सांगितलं होतं. त्यांच्याकडं माणसंच कमी होती. मेलं की पळत मागं जायचं, शर्ट बदलायचा, परत रांगेत उभं राहायचं. शर्ट पण घरनं न्यायचे! डायरेक्टर म्हणायचा, झोंबीचं थोबाड कोण बघतंय?"

आणि खरंच आला की! पिवळ्या टी-शर्टात. लीलाबाई सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात गेल्या. तो पुन्हा पडला.

"रंग लई थापलाय," त्या म्हणाल्या. "तोंडच दिसंना. शेवटाला धुतल्यावर दाखवत्यात का गं?"

संध्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

मग तो निळ्या शर्टात आला. खिशावर कंपनीचं नाव.

"पप्पा! तुमचा शर्ट!"

कडुबा वळले नाहीत. फक्त त्यांचा हात कॉलरकडं गेला. तोच शर्ट त्यांच्या अंगात होता. लाल डाग निघाला नाही म्हणून पोराला किती बोलले होते तेव्हा.

पिक्चरच्या शेवटी हिरोनं शेडला बाहेरून कडी लावली आणि पेटवून दिलं. खिडकीच्या काचेवर एक निळी बाही आपटत राहिली. मग धूरच धूर. नावं भराभर वर सरकली, त्यात प्रणयचं नव्हतं. लगेच साबणाची जाहिरात लागली.

भागूबाई पदर सावरत उठल्या. लीलाबाई मात्र तशाच, काचेला नाक लागेल इतक्या जवळ. संध्यानं हळूच रिमोट उचलला.

"राहू दे गं चालू," पायरीवरून आवाज आला. कडुबांची पाठ अजून तशीच होती. "शर्ट बदलत असंल."