तोंडचा घास

राउशान बुटांवरचा बर्फ झटकते न झटकते तोच पलंगावरून सासूचा सवाल आला, "पिशवी कुणी भरली?"

"आधी आत तरी येऊ द्या, आई!"

खुब्याचं हाड मोडल्यामुळे उलझानला थोरल्या भावाकडच्या लग्नाला जाता आलं नव्हतं. दोसबोलच्या नातीचं लग्न. मेजवानीहून सार्कित घेतल्यावाचून कुणी निघत नाही. घरी राहिलेल्यांच्या वाट्याचं खाणं असतं ते. राउशानची पिशवी टम्म फुगली होती. बाउरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मिठाई, सफरचंदं. उलझानला त्यात काडीचा रस नव्हता. आईला पुरलं त्या दिवशी भांडण झालं, तेव्हापासून दोसबोलनं तिच्याशी अबोला धरला होता. त्यानं स्वतःच्या हातानं काही पाठवलंय का, एवढंच तिला हवं होतं.

"मामांनीच दिलंय," राउशान म्हणाली.

"नवरोजलाही मामांनीच दिलं होतं. मागून कळलं, त्यांच्या शेजारणीनं भरलेलं."

राउशान ओशाळली. सून गुणाची होती, पण समोरच्याचं मन राखायला बेधडक खोटं बोलायची.

"या खेपेला खरंच, तुमची शप्पथ! मी निघाले तसे ताट घेऊन दारापर्यंत आले. त्यातला एक तुकडा उचलला, आधी स्वतः चावा घेतला आणि उरलेला माझ्या हातात कोंबला. म्हणाले, तिला सांग, सार्कित आहे."

वडीलधाऱ्यानं आपल्या तोंडचं उष्टं धाकट्याला द्यायचं, त्यालाही सार्कितच म्हणतात. पण ते असं पिशव्या भरभरून वाटत नाहीत. ज्याचं भलं मनापासून चिंतायचं, त्यालाच देतात.

"दाखव."

कागदात घोड्याच्या मांसाचा चरबीदार तुकडा होता. वाटेतल्या थंडीनं चरबी घट्ट झाली होती. उलझाननं तो पलंगालगतच्या खिडकीशी उजेडात धरला. चाव्याच्या जागी दातांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या, आणि मधोमध चरबीची एक बारीक कड तशीच उभी होती.

त्या कडेवरून ती बोट फिरवत राहिली. लहानपणी खेळता खेळता तिनंच मेंढीचं हाड भिरकावलं होतं, आणि दोसबोलचा पुढचा दात कायमचा गेला होता. आई तिला बदडायला धावली, तेव्हा रक्ताळल्या तोंडानं मधे पडला होता तोही दोसबोलच.

"एवढा आजोबा झाला, पण दात काही बसवून घेतला नाही मेल्यानं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

राउशान घाबरली. "सुरी आणू का, आई? बारीक कापून देते."

"नको."

उलझाननं तुकडा तोंडाशी नेला, आणि आधी ती मधली कडच खाल्ली.