अख्खा शर्ट

तिसऱ्यांदा दम लागला तसा आर्वो निएमी ओंडक्यावर टेकला. गाडीपासून जेमतेम अर्धा मैल झाला होता. पूर्वी एवढं अंतर तो एका सिगारेटीत कापायचा.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. जंगल सरकारी, परवाना असला की कुणीही यावं. पण आर्वोच्या बरोबरीचं आता कुणी उरलं नव्हतं. दोघे देवाघरी गेले होते आणि एक म्हातारपण काढायला फ्लोरिडाला. त्या दोन्हींत त्याला फारसा फरक वाटत नसे.

त्यानं बंदुकीत काडतुसं भरली. मोजून पाच. पाचांत जमलं नाही तर गुमान घरी जावं, हा बापाचा नियम. काडतुसांचा डबा जुनाट होता. त्याची बायको एल्मा म्हणाली होती, "नवा आणा." पण शेवटच्या वर्षाला नवा डबा कशाला?

हो, शेवटचंच वर्ष. बायकोला तसा शब्द दिला होता. गुडघे गेले होते, खांदाही गेला होता. पण चार वर्षं हात हलवत परतलेल्या माणसानं तसंच थांबायचं, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. त्यात तीनदा नेम चुकलेला. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापायचं, ही तिथली रीत. आर्वो एकटा असला तरी घरी येऊन आपणहून सांगायचा आणि एल्मा कात्री शोधायची. तीन शर्ट असे आखूड झाले होते. आजचा नवा होता. हा तरी अख्खा राहावा, एवढंच त्याला हवं होतं.

दुपारी झाडांतून हरणाचा नर आला. मान वळवून थांबला. आर्वोनं श्वास रोखून चाप ओढला. आवाज घुमला आणि नर जागीच कोसळला. दुसऱ्या गोळीची गरजच पडली नाही. आर्वोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो कसाबसा तिथं पोचला, तर नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस आधीच उभा. सरकारी जंगलात अशा वेळी हरण कुणाचं यावरून डोकी फुटतात.

"मी त्या ओंडक्यावरून मारलाय," तो म्हणाला.

त्या माणसानं हरणाकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या आर्वोकडे.

"मीही झाडली, काका. दोघांची एकदमच सुटली बहुतेक. पण भोक एकच आहे. माझी गेली झाडात."

"नक्की?"

"माझा नेम आमच्या हिला विचारा. मी डेल."

"मग डेल, शर्ट काढ बाहेर."

डेल हसला. पाठ करून उभा राहिला. आर्वोनं सुरीनं चौकड्याच्या लोकरी शर्टाचं टोक कापलं. शर्ट चांगला महागाचा होता.

"घरी काय सांगशील?"

"एका म्हाताऱ्यानं इज्जत काढली म्हणून."

आर्वोनं परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली. आतडी डेलनंच काढली. मग म्हणाला, "ओढत न्यायचं तर बंदूक रिकामी हवी. द्या इकडे, बोटं निळी पडलीत तुमची." त्यानं खटाखट बंदूक रिकामी केली, काडतुसं आर्वोच्या खिशात कोंबली आणि दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. आर्वो नुसता मागून चालला. तेवढंही त्याला जड गेलं.

घरी एल्मानं अंगणातल्या हरणाकडे दोनदा पाहिलं. मग नवऱ्याला चुलीजवळ बसवून त्याचे बूट ओढून काढले.

"खांदा शेकू का? दर वेळी बंदुकीच्या दणक्यानं काळानिळा होतो."

"यंदा काहीच नाही गं. कळलंसुद्धा नाही."

"चला, सुटलात एकदाचे."

जाकीट धुवायला टाकायचं म्हणून तिनं खिसे उलटे केले. आधी शर्टाचं टोक निघालं. आर्वोनं तिला डेलची गोष्ट सांगितली, दोघं पोट धरून हसली. मग ती एकेक काडतूस काढून टेबलावर उभं करू लागली.

एक. दोन. तीन. चार.

पाच. पाचव्याच्या बुडाला चाप ओढल्यावर पडतो तो खळगा होता, गोळी मात्र सुटलीच नव्हती, जागच्या जागी होती.