एक चेहरा कमी

"याला चेहरे कळत नाहीत. दोन भाषांनी आणखी गोंधळेल, घरात मराठी बंद करा," असं थेरपिस्टबाईंनी सांगितलं. तेव्हापासून मी निहारशी इंग्रजीतच बोलायचे आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं दाखवायचे. तो त्या कार्डांचे पत्ते करून खेळायचा.

त्या रविवारी केंब्रिजच्या म्युझियममध्ये अठराव्या शतकातल्या एका शिल्पकाराची कामं बघायला गेलो. नुसती डोकी होती. एक जांभई देणारं, एक दात विचकणारं, एक नाक मुरडलेलं. निहार एकाकडून दुसऱ्याकडे पळत सुटला. प्रत्येकासमोर तसंच तोंड करायचा आणि ओरडायचा, "स्लीपी! अँग्री! स्मेली!"

एकही चुकलं नाही. शेवटी तो माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"मम्मी, यू आर हॅपी. बट क्राइंग. व्हॉट इज दॅट वन?"

मी इंग्रजी शब्द शोधला. सापडेना.

"गहिवर," मी म्हणाले.

"गहिवर." त्याने माझ्यासारखं तोंड करून बघितलं. मग माझा हात ओढला.

"आई, अजून सांग."