काचेवरचा उजेड

"फोटो छान आलाय. फक्त थोडा बदल करता येईल का?" अजितने विचारलं.

रश्मीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. ती श्रीवर्धनला घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची. अजितने आपल्या होमस्टेचं काम तिला दिलं होतं, आणि तयार झालेली साइट दाखवायला ती आज स्कूटरवरून हरिहरेश्वरला आली होती. दोघं पडवीत बसली होती. स्क्रीनवर सगळ्यात वर नाव होतं, 'नीराई'. नाव अजितच्या आईचंच, नीराबाईचं. त्याखाली खोल्या, सुरूची झाडं, समुद्र. आणि 'आमच्याविषयी' या पानावर आई स्वतः, हिरवी साडी नेसून, पुढच्या खोलीतल्या खुर्चीत ताठ बसलेली. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर, हार घातलेली.

फोटो काढायच्या दिवशी रश्मी म्हणाली होती, "आजी, चुलीपाशी काढूया ना, भाकऱ्या भाजताना. पाहुण्यांना आवडतं."

"चुलीपाशी नको गो बाय. काढायचा तं हितं काढ," असं म्हणून आईने आपल्या हाताने खुर्ची ओढली होती आणि तसबिरीखाली जाऊन बसली होती.

"काय बदल करू?" रश्मीने आता विचारलं.

"मागचं जरा... भिंत मोकळी दिसली तर बरं. प्रोफेशनल वाटेल."

"म्हणजे नेमकं काय काढू, दादा?"

अजितच्या तोंडून ते नाव निघेना. त्याने बोट पुढे केलं आणि स्क्रीनला लागायच्या आत मागे घेतलं. रश्मीला समजलं. तरी तो बोलत सुटला.

"इथे लोक देवदर्शनाला येतात ना. मागच्या आठवड्यात एक कुटुंब आलं. खोली बघितली, आवडली. बॅगासुद्धा आत घेतल्या. मग पुढच्या खोलीत डोकावले, आणि एकदम त्यांना आठवलं की नातेवाइकांकडे उतरायचंय. उतरले कुठे, तर समोरच्याच लॉजवर! संध्याकाळी किनाऱ्यावर भेटले. हसून हात केला त्यांनी."

"मग तुम्ही?"

"मी पण केला."

रश्मीने साध्या आवाजात विचारलं, "आडनावही नको ना मग?"

"नको. नुसतं अजित."

उत्तर इतक्या झटकन आलं की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

रश्मीने माउस हलवला. तसबिरीवरून दोन-तीनदा फिरवला, आणि तेवढ्या जागी भिंतीचा पिवळट रंग भरून आला. तिथे कधी खिळासुद्धा नव्हता असं वाटावं, इतकं ते सफाईने झालं. अजितला वाटलं होतं, हे झालं की सुटल्यासारखं वाटेल. पण फोटोतली आई आता भलतीच दिसत होती. ती तशीच ताठ बसली होती, पण कशासाठी ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आई चहा आणि घावणे घेऊन बाहेर आली. ताटली खाली ठेवून तिने पदराला हात पुसले.

"झाला का माझा फोटू? बघू."

अजित लॅपटॉप मिटणार होता, पण ती वाकलीसुद्धा. आधी फोटोतल्या स्वतःकडे बघून लाजली. मग डोळे बारीक केले.

"आन् बाबासाहेब कुठं गेलं?"

रश्मीने मान खाली घातली. उत्तर तिने द्यायचं नव्हतं.

"काचेवर उजेड पडला होता, आई," अजित म्हणाला. "नुसतं चकाकत होतं. फोटो खराब दिसत होता."

"व्हय?" आईचा चेहरा उतरला. "धूळ असंल काचंवर. माझंच चुकलं बग. फोटू काढायला पोरगी येनार ठावं व्हतं, आन् काच पुसायची मी इसरले."

"तुझं काही चुकलं नाही गं. राहू दे आता."

"राहू दे कसं? बाय, चहा घे तू. मी पुसून घेते, मंग काढ दुसरा."

अजित आत पोचेपर्यंत तिने स्टूल भिंतीला लावलंही होतं.

"आई, पडशील. मी पुसतो."

"तू स्टूल धर."

त्याने खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल धरलं. वर आईने हार काढून खांद्यावर घेतला, काचेवर हाऽ करून वाफ सोडली आणि पदराच्या टोकाने ती कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसू लागली.

"ह्याच्या बापानं महाडवरनं आनलेली ही," ती पुसता पुसता सांगत होती. सांगत होती बहुधा रश्मीला, कारण अजितला ते माहीत होतं. "यष्टीत ही गर्दी. तं मांडीवर घिऊन बसलेला. कुनाचा धक्का लागू दिला न्हाय."

रश्मी मोबाइल घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिने एकदा अजितकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला समोर फक्त आईचे पाय दिसत होते. हात वरपर्यंत पोचावा म्हणून तिने टाचा उचलल्या होत्या, आणि स्टूल हलत होतं.

"आता बग रं," वरून आई म्हणाली. "दिसतंय का नीट?"

"दिसतंय, आई."

मान मात्र त्याने वर केली नाही.