मनोहररावांच्या हातावरचा नंबर

"बाबा, पन्नी ओढू नका," म्हणत गार्गीनं सासऱ्यांचा हात धरून ठेवला.

"खाजून राहिलं ना वं," मनोहरराव म्हणाले. "आन् हे चिकटवलं काहून? मी का लोणच्याची बरणी आहो?"

"टॅटू अजून ओला आहे. धूळ बसली तर पिकेल."

"बाप्पा, गोंदून तं बाया घेते."

पारदर्शक फिल्मखाली, मनगटाच्या जरा वर, काळ्या शाईत एक मोबाइल नंबर होता. म्हातारपणी कोणाला असली हौस सुचत नाही, मनोहररावांनाही सुचली नव्हती. ते कुहीला तलाठी होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण तेवढंच डोक्यातून पुसलं गेलं होतं. सकाळी उठायचे, पिशवी घ्यायचे आणि ड्युटीवर निघायचे.

एकदा कुहीच्या बसमध्ये सापडले, ते कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून. दुसऱ्या वेळी कळमेश्वरच्या कारखान्यांपाशी, भर मे महिन्यात, अनवाणी. मुलानं, विहंगनं, त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. अजून एकदा बाप असा निघून गेला तर जिवंत हाती लागणार नाही, हे त्याला कळून चुकलं. गळ्यातलं कार्ड बाबा फेकून द्यायचे, मनगटातलं कडं कोणालाही देऊन टाकायचे. मग गोंदायचं ठरलं.

"नाव टाकू, पत्ता टाकू, माझाही नंबर टाकू," विहंग धरमपेठेतल्या टॅटूवाल्याला सांगत होता.

"बाबांची कातडी पाहा ना किती पातळ झाली," गार्गी म्हणाली. "जेवढी सुई कमी लागेल तेवढं बरं. आणि पत्ता वाचून चोर घरी आले म्हणजे? माझा एक नंबर बस झाला. मिहानमधल्या कंपनीत तुमचा फोन तर गेटवरच जमा होते."

बरोबरच होतं तिचं. ती स्वतःही मिहानमध्येच होती, चांगल्या पगारावर. बाबांसाठी नोकरी सोडून घरी बसली होती.

फिल्म काही दिवस तशीच ठेवा, असं टॅटूवाल्यानं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिच्याखाली काळं पाणी जमलं आणि विहंग हादरला.

"अगं, हे सडून राहिलं का?"

"नाही हो. शाई आणि जखमेतली लस आहे ती, जमतेच. कडेनं सुटली तर बदलायची, नाही तर हात लावायचा नाही." सगळं नीट विचारून आली होती ती.

आंघोळीला तो हात बादलीपासून दूर, उन्हात जायचं तर पूर्ण बाहीचा शर्ट. काढायच्या दिवशी तिनं कोमट पाण्याची धार सोडली, फिल्मचा कोपरा धरला आणि वर न खेचता कातडीला लागून ताणत ताणत ती सावकाश सोडवली. एक ओरखडा उठला नाही. मग सौम्य साबण, मऊ फडक्यानं टिपणं, मलमाचं हलकं बोट. शेजारच्या रंभाबाई दारातून पाहत होत्या.

"पोटची पोरगी नाही करत वं एवढं," त्या म्हणाल्या.

खोटं काय त्यात? सून म्हटली की लोक आधी नाकं मुरडतात. त्यांनी एकदा खामल्यातल्या या घरी येऊन पाहायला पाहिजे होतं.

नंबर स्वच्छ उठला. मग गार्गीनं रोजचा सराव सुरू केला.

"बाबा, रस्ता चुकला तर काय करायचं?"

"हात दाखवायचा."

"आणि बोलायचं काय?"

"काहीच नाही."

कारण बोलले की ते कुहीचाच पत्ता सांगायचे आणि भले लोक त्यांना कुहीच्या बसमध्ये बसवून द्यायचे.

एवढं करूनही मनोहरराव गेलेच. गार्गी आंघोळ करून बाहेर आली तर दार सताड उघडं. विहंगनं कुही पालथी घातली, कळमेश्वर पालथं घातलं, दवाखाने पाहिले. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, हातावर नंबर आहे ना, मग कोणीतरी फोन करेलच.

"तू घर सोडू नको," विहंगनं गार्गीला बजावलं. "आणि फोन तर अजिबात सोडू नको."

तिनं नाही सोडला. स्वयंपाकघरात, देवघरात, उशाशी, फोन तिच्याजवळच. रंभाबाई विहंगसाठी डबा आणून द्यायच्या, तो तसाच परत जायचा. रोज विहंग घरी आला की त्याचा पहिला प्रश्न एकच, आणि रोज गार्गी नाही म्हणून मान हलवायची.

"इतक्या दिवसांत एकाही माणसानं त्यांचा हात पाहिला नसेल?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "म्हणजे बाबा नाहीत आता. असते तर फोन आला असता." आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी त्याला बोलावणं आलं. नदीकाठी एका म्हाताऱ्या माणसाचं प्रेत सापडलं होतं, ओळख पटवायची होती. गार्गीनं त्याला बळंच चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला गेली. घरात येऊन दार लावलं तोच फोन वाजला.

"हॅलो, गोंदिया स्टेशनवरून बोलून राहिली, रेल्वे पोलीस," पलीकडून एक बाई म्हणाली. "इथं एक आजोबा बसले आहेत. तब्येत ठीक आहे, नाश्ता दिला त्यांना. तोंडातून शब्द काढत नाहीत, हात तेवढा पुढं करतात. त्यावर तुमचा नंबर आहे. तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही ताई," गार्गी म्हणाली. "असा फोन करणाऱ्या तुम्ही चौथ्या. त्यांच्या हातावर माझा नंबर कसा आला, मलेच समजून नाही राहिलं."